गुण मातीचा कीं मैदानाचा?

अमक्या प्रांतांत पैलवान निपजतात, तमक्या प्रांतांत पंडित जन्मतात आणि तिसऱ्या एखाद्या प्रांतांत नुसते व्यापारी, अशी एक समजूत सर्व देशांत आढळते. आंबा कोंकणांत यावा, संत्रें नागपुराकडे पिकावें, त्याचप्रमाणें माणसाचे गुणही त्या त्या जमिनींतून वर येतात, असें मानण्याची ही संवय आहे. ती सुटत नाहीं याचें कारण ती सर्वांच्याच सोयीची आहे. ज्या प्रांताची स्तुति होते त्याचा अभिमान सुखावतो. ज्याची होत नाहीं त्याला आपल्या निष्क्रियतेसाठीं आयतें निमित्त मिळतें. "आमच्या मातींत तें नाहींच," एवढें म्हटलें कीं मैदान बांधावयास नको, शिक्षक नेमावयास नको आणि मुलांकडे पाहावयासही नको. आमच्या मतें ही समजूत खोटी आहे व तिनें मुलांचें नुकसान होतें. हें आमचें म्हणणें आम्ही अमेरिकेंतील शालेय खेळांच्या उदाहरणावरून सिद्ध करूं इच्छितों.

परदेशचें उदाहरण कां, असें वाचक विचारतील. पहिलें कारण असें कीं, शाळकरी खेळाडूंची प्रांतवार मोजदाद त्या देशांत फारच बारकाईनें होते. दुसरें कारण घरगुती आहे. मराठी मध्यम वर्गांतील पुष्कळ घरांचा मुलगा अगर मुलगी आज त्या देशांत स्थायिक आहे, नातवंडें तेथील शाळांत जातात, आणि तिकडची वाहवा इकडे बोलण्याबोलण्यांतून येऊन पोंचते. "आपल्याकडेही कॉलेजांनीं अमेरिकेसारखे खेळाडू वेंचून घ्यावेत," असा आग्रह त्यांतूनच निघतो. जी वस्तु घरांत आणावयाची ती आधीं उलटसुलट करून पाहावी, हें बरें.

अमेरिकेंत मुलांच्या खेळाचा सारा संसार शाळेभोंवतीं मांडलेला आहे. सामान्यतः नववीपासून बारावीपर्यंतच्या शाळेला तेथें हायस्कूल म्हणतात, आणि अशा शाळांतून एकटा फुटबॉल खेळणारीं मुलेंच दहा लाखांच्या घरांत आहेत. हा फुटबॉल आपल्या ओळखीचा नव्हे. लांबट चेंडू हातीं धरून, डोक्यावर शिरस्त्राण व खांद्यांवर जाड गाद्या चढवून, दोन पलटणी एकमेकींवर लोटाव्या तसा तो खेळला जातो. दक्षिणेंत शुक्रवारीं रात्रीं शाळेचा सामना असला म्हणजे गांव ओस पडतें आणि मैदान भरतें. तेथें विद्यापीठांचे प्रशिक्षक व पारखी येऊन बसतात. मुलगा किती उंच, किती वजनाचा, चाळीस यार्ड किती वेळांत धांवतो हें टिपून घेतात. धंदेवाईक टिपणकार त्याला दोनपासून पांचपर्यंत तारे बहाल करतात; आणि ज्याचे तारे अधिक त्याच्या दारीं विद्यापीठें शिष्यवृत्ति घेऊन उभीं राहतात. या उलाढालीला तेथें 'रिक्रूटिंग' म्हणतात. आपल्याकडे हा शब्द फौजेच्या भरतीला लावीत, आणि तो येथेंही अगदीं शोभतो.

आतां पूर्वपक्ष प्रामाणिकपणें मांडूं. प्रांताप्रांतांतील फरक खरा आहे. धंदेवाईक फुटबॉलपटूंची जन्मगांवें नकाशावर मांडलीं तर टेक्सास, फ्लॉरिडा, कॅलिफोर्निया व जॉर्जिया या राज्यांवर ठिपक्यांची गर्दी होते. लोकसंख्येच्या मानानें पाहिलें तर लुइझियाना, मिसिसिपी, अलाबामा हीं गरीब दक्षिणी राज्यें पुढें येतात, आणि न्यूयॉर्क व न्यू इंग्लंडकडील सुशिक्षित, सधन मुलूख मागें पडतो. बर्फावरची हॉकी म्हटली कीं मिनेसोटाचें नांव निघतें, बास्केटबॉल म्हटला कीं इंडियानाचें. एवढें आम्हांसही मान्य आहे. परंतु फरक आहे हें सांगणें निराळें आणि तो कां आहे हें सांगणें निराळें. पहिल्यावरून दुसऱ्यावर उडी मारतांना मध्यें जी दरी लागते तींतच आमचा पूर्वपक्षी पडतो.

मातीच्या सिद्धान्ताचें सर्वांत आवडतें उदाहरण फ्लॉरिडांतील आहे. ओकीचोबी नांवाच्या विस्तीर्ण सरोवराच्या कांठीं पहोकी व बेल ग्लेड अशीं दोन लहान गांवें आहेत. तेथील जमीन काळी, भुसभुशीत, उंसाला मानवणारी. एवढ्याशा टापूंतून डझनांनीं धंदेवाईक फुटबॉलपटू निघाले. पहोकीचा अँक्वान बोल्डिन तेथलाच. २००९ सालच्या सुपर बोल सामन्यांत सर्वोत्कृष्ट ठरलेला बेल ग्लेडचा सँटोनिओ होम्सही तेथलाच. याची उपपत्ति लोक अशी लावतात : उंसाचे फड पेटविले म्हणजे आंतले ससे बाहेर पळत सुटतात, गांवचीं पोरें त्यांच्यामागें धांवून त्यांना पकडतात, आणि म्हणून हीं पोरें वाऱ्यासारखीं पळतात. वृत्तपत्रांनीं व चित्रपटकारांनीं ही कथा इतक्या वेळां सांगितली आहे कीं तो आतां त्या गांवांचा पुराणांतील अध्यायच होऊन बसला आहे.

पोरें ससे पकडतात हें खोटें नव्हे. पण ऊंस क्यूबांतही जळतो आणि ससे सर्वत्र पळतात. त्या कथेंत एक गोष्ट सांगावयाची राहून जाते. हीं दोन्ही गांवें पाम बीच नांवाच्या जिल्ह्यांत मोडतात, आणि त्याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोंकास, सुमारें चाळीस मैलांवर, समुद्रकिनारीं अमेरिकेंतील गडगंज श्रीमंतांचे महाल आहेत. एका जिल्ह्याचीं हीं दोन टोंकें. उंसाच्या टोंकाला मजुरी हंगामी, उत्पन्न तुटपुंजें, आणि गांवाबाहेर पडण्याचा मुलांना दिसणारा राजमार्ग एकच, तो म्हणजे फुटबॉल. ज्या घरांत दहा वाटा दिसतात तेथील मुलगा दहांपैकीं एकीवर चार पावलें टाकतो. जेथें एकच दिसते तेथें सारें गांव तिच्यावरून धांवतें. त्या गर्दींतून चारदोन असामान्य धांवणारे निघाले तर नवल तें काय? तेथें डॉक्टर व वकील थोडे होतात. पण त्याचें खापर मात्र कोणी मातीवर फोडीत नाहीं. पायांतला गुण तेवढा मातीचा आणि डोक्यांतला तेवढा शाळेचा, हा न्याय कोणता?

शिवाय दक्षिणेंत ही वाट नुसती दिसत नाहीं, ती बांधून काढलेली आहे. फ्लॉरिडा, जॉर्जिया, अलाबामा, टेक्सास येथें हंगामाबाहेर वसंत ऋतूंतही फुटबॉलचा सराव चालूं देतात. उत्तरेकडील पुष्कळ राज्यांत त्याला मुभा नाहीं. टेक्सासमधील मोठ्या शाळांचा मुख्य फुटबॉल प्रशिक्षक वर्षाला लाख डॉलरांवर पगार घेतो, आणि शेजारच्या वर्गांत गणित शिकविणारा शिक्षक त्याच्याहून किती तरी कमी. डॅलस शहराच्या उत्तरेस ॲलन म्हणून उपनगर आहे. तेथें व त्याच्या आसपास आपल्याकडील कुटुंबांची वस्तीही बरीच आहे. त्या गांवच्या शाळेनें २०१२ सालीं सहा कोटि डॉलर खर्चून अठरा हजार आसनांचें क्रीडागार उभारलें. दोन वर्षांत त्याला तडे गेले, तें बंद ठेवावें लागलें, दुरुस्त करून २०१५ सालीं पुन्हां उघडलें. एका शाळेसाठीं एवढें वैभव ज्या प्रांतांत उभें राहतें, तेथें खेळाडू निघाले तर मातीला नमस्कार करावा कीं करदात्यांना?

हवामानाचा मुद्दा थोडा बळकट आहे हें आम्ही कबूल करतों. बर्फाची हॉकी थंड प्रदेशांत वाढली यांत आश्चर्य नाहीं. मिनेसोटा राज्यांत वॉररोड नांवाचें दोन हजारांहूनही कमी वस्तीचें गांव आहे. १९६० सालीं अमेरिकेनें ऑलिंपिकमध्यें हॉकीचें सुवर्णपदक जिंकलें तेव्हां या गांवचे बिल व रॉजर ख्रिश्चन हे दोघे बंधु संघांत होते. १९८० सालीं पुन्हां जिंकलें तेव्हां बिलचा मुलगा डेव्ह होता. १९८० च्या त्या संघांतील निम्म्याहून अधिक खेळाडू एकट्या मिनेसोटाचे होते. पण थंडी तर माँटानांतही आहे, तेथें तळीं गोठत नाहींत असें नाहीं. मग तेथून खेळाडूंची अशी रांग कां निघत नाहीं? मिनेसोटांत गांवोगांव बर्फाचीं सार्वजनिक क्रीडांगणें आहेत, आणि १९४५ सालापासून चालत आलेली शाळांची राज्य स्पर्धा आहे. थंडी निसर्गाची असेल. रिंगण, गुरु आणि स्पर्धा हीं माणसांनीं केलीं.

याच्या उलट प्रयोगही होऊन चुकला आहे. ॲरिझोना म्हणजे वाळवंट. उन्हाळ्यांत तेथें अंगाची लाही होते. १९९६ सालीं हॉकीचा एक धंदेवाईक संघ कॅनडांतून उठून त्या राज्याच्या फीनिक्स शहरांत आला. त्याच्यामागून कृत्रिम बर्फाचीं रिंगणें वाढलीं. त्या शहराच्या शेजारीं स्कॉट्सडेल येथें वाढलेला ऑस्टन मॅथ्यूज हा मुलगा लहानपणीं त्या संघाचे सामने पाहून खेळावयास लागला, आणि २०१६ सालीं उत्तर अमेरिकेंतील सर्वश्रेष्ठ हॉकी संघांनीं नवे खेळाडू निवडले तेव्हां पहिलें नांव त्याचें पुकारलें गेलें. पुढें २०२४ सालीं तो संघ ॲरिझोना सोडून गेला. पण जें सिद्ध व्हावयाचें तें होऊन गेलें होतें. वाळवंटानें वीस वर्षांत आपली माती बदलली नव्हती. तेथें रिंगण आलें होतें, एवढेंच.

तथापि मातीच्या सिद्धान्ताला खरा मरणघाव घातला आहे तो इतिहासानें. दक्षिणेंतील आजच्या फुटबॉलपटूंत कृष्णवर्णीय मुलांची संख्या फार मोठी आहे, आणि पूर्वपक्षी ती पाहून माती आणि रक्त या दोहोंचीही ग्वाही देतो. त्याला आमचा प्रश्न असा : हीं मुलें १९५० सालीं कोठें होतीं? होतीं तेथेंच. परंतु टेक्सासमधील कृष्णवर्णीय शाळांचे सामने निराळ्या संघटनेखालीं, निराळ्या मैदानांवर होत, आणि दक्षिणेंतील मोठीं विद्यापीठें त्यांच्याकडे ढुंकूनही पाहत नसत. टेक्सासच्या ब्यूमाँट गांवचा बब्बा स्मिथ, त्याच राज्याचा जीन वॉशिंग्टन, दक्षिण कॅरोलायनाचा जॉर्ज वेब्स्टर, उत्तर कॅरोलायनाचा जिमी रे हीं सारीं दक्षिणेचीं मुलें. पण त्यांना खेळावयास जावें लागलें दूर उत्तरेस मिशिगन स्टेट विद्यापीठांत. १९६५ व १९६६ सालीं त्या विद्यापीठाचा संघ देशांतील अग्रगण्य संघांत गणला गेला, आणि १९६७ सालीं धंदेवाईक संघांनीं निवडलेल्या पहिल्या आठ खेळाडूंपैकीं चार तेथले निघाले. त्या वर्षांत एखाद्यानें नुसती विद्यापीठांचीं नांवें पाहिलीं असतीं, तर फुटबॉलचा गुण मिशिगनच्या बर्फाळ मातींत आहे असा निर्वाळा दिला असता!

१९६९ सालीं टेक्सास विद्यापीठाचा संघ राष्ट्रांत अजिंक्य ठरला. त्यांत एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता. १२ सप्टेंबर १९७० रोजीं अलाबामाच्या बर्मिंगहॅम शहरांत अलाबामा विद्यापीठाचा गौरवर्णीय संघ कॅलिफोर्नियाहून आलेल्या मिश्र संघाशीं खेळला आणि २१ विरुद्ध ४२ गुणांनीं हरला. पाहुण्यांच्या सॅम कनिंगहॅम या कृष्णवर्णीय तरुणानें त्या दिवशीं यजमानांची फळी उधळून लावली. अलाबामानें आपला पहिला कृष्णवर्णीय शिष्यवृत्तिधारक फुटबॉलपटू त्याच वर्षीं घेतला होता, पण पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला मुख्य संघांत खेळण्याची मुभा नसल्यामुळें तो मैदानावर नव्हता. पुढें थोड्याच वर्षांत दक्षिणेंतील संघांचा रंग पालटला, आणि आतां तेच लोक सांगतात कीं हा गुण आमच्या मातींत पूर्वापार आहे. पूर्वापार होता खरा. त्याला दार मात्र बंद होतें.

इंडियानाची गोष्टही अशीच. १९५४ सालीं तेथें मिलन नांवाच्या खेड्यांतील १६१ विद्यार्थ्यांच्या शाळेनें मन्सी सेंट्रल या बलाढ्य शाळेला ३२ विरुद्ध ३० गुणांनीं हरवून बास्केटबॉलचें राज्य अजिंक्यपद मिळविलें. ती कथा आजही तेथें आदरानें सांगितली जाते, आणि ती आदरास पात्रही आहे. परंतु राजधानी इंडियानापोलिस येथें १९२७ सालीं खास कृष्णवर्णीयांसाठीं काढलेल्या क्रिस्पस ॲटक्स शाळेला त्या राज्य स्पर्धेंत १९४२ पर्यंत प्रवेशच नव्हता, हें त्या कथेबरोबर सांगत नाहींत. दार उघडल्यावर तेराव्या वर्षीं, १९५५ सालीं, ऑस्कर रॉबर्टसनच्या पराक्रमानें ती शाळा अजिंक्य झाली, आणि पुढच्या वर्षीं पुन्हां. इंडियानाच्या मातींत १९४२ पूर्वीं काय कमी होतें? कमी होती ती एक परवानगी.

आतां महाविद्यालयांच्या भरतीकडे वळूं. विद्यापीठांचे पारखी म्हणतात, "आम्ही निःपक्षपातीपणें गुण शोधतों." शोधतात खरे, पण जेथें पूर्वीं सांपडला तेथेंच शोधतात. एकदां एखाद्या जिल्ह्यांत चार मुलें मिळालीं कीं पुढल्या वर्षीं दहा पारखी तेथें येतात. ते येतात म्हणून तेथील प्रशिक्षकाचा पगार वाढतो. पगार वाढतो म्हणून चांगला प्रशिक्षक येतो. तो येतो म्हणून महत्त्वाकांक्षी आईबाप आपलें बिऱ्हाड त्या शाळेच्या हद्दींत हलवितात. मग तेथून आठ मुलें मिळतात आणि पारखी एकमेकांना टाळी देऊन म्हणतात, पाहा, आमचा अंदाज खरा ठरला! उत्तरेंतील एखाद्या विरळ वस्तीच्या राज्यांत तितकाच चपळ मुलगा आपल्या लहान शाळेच्या मैदानावर धांवत असतो. तेथें टिपण घेणारा कोणी नसतो, म्हणून त्याला तारा मिळत नाहीं, आणि तारा नाहीं म्हणून टिपण घेणारा येत नाहीं. दिव्याखालीं शोधून जें सांपडलें त्याला गुण म्हणावयाचें आणि अंधारांत राहिलें त्याला अभाव, हीच या विद्येची मेख आहे.

हा अंधार नेहमीं गरिबांच्याच वाट्याला येतो आणि दिवा पुष्कळदां श्रीमंतांच्या हातीं असतो, हें पाहावयाचें असेल तर न्यू इंग्लंडच्या जुन्या विद्यापीठांकडे जावें. तेथें नौकानयन, स्क्वॉश, तलवारबाजी अशा खेळांतही भरती चालते. हार्वर्ड विद्यापीठाविरुद्धच्या खटल्यांत २०१८ सालीं जी माहिती उजेडांत आली तींत असें दिसलें कीं, प्रशिक्षकांनीं वेंचलेल्या खेळाडूंपैकीं शंभरांत ऐंशींहून अधिकांना तेथें प्रवेश मिळे. एरवींच्या उमेदवारांत शंभरीं दहांनाही तो मिळत नाहीं. स्क्वॉशचें बंदिस्त अंगण आणि शर्यतीची नाव ज्या शाळांना परवडते त्या शाळा मोजक्या व महागड्या आहेत. पण कनेक्टिकटच्या मातींत स्क्वॉश उगवतो असें आजवर कोणी म्हटल्याचें ऐकिवांत नाहीं. तेथें सर्वांना ठाऊक असतें कीं हा पैशाचा व सोयीचा परिणाम. मातीचा सिद्धान्त गरिबांच्या मुलांसाठीं राखून ठेवलेला आहे. आणि २०१९ सालीं तर असें बाहेर पडलें कीं, एका प्रवेश-दलालानें धनिकांच्या मुलांना, त्यांतील कित्येकांनीं तो खेळ कधीं खेळलाही नसतां, खेळाडू म्हणून नोंदवून, येल, जॉर्जटाउन, स्टॅनफर्ड अशा विद्यापीठांतील प्रशिक्षकांना लांच देण्याचा धंदा चालविला होता. गुण पारखण्याचा दावा करणाऱ्या पद्धतीला नसलेला गुणही विकत दिसूं लागला!

येथें एक आक्षेप येईल, आणि तो वजनदार आहे. "या भरतीमुळें पहोकीच्या गरीब मुलाला निदान विद्यापीठाचें दार तरी उघडतें, तें तुम्हांला नको काय?" आम्हांला तें हवें आहे. पण त्या दारांतून किती जातात याचा हिशेब मांडावा. हायस्कुलांत फुटबॉल खेळणाऱ्या शंभर मुलांपैकीं सुमारें सात कोणत्या तरी महाविद्यालयाच्या संघांत पोंचतात. वरच्या श्रेणीच्या विद्यापीठांत तिघांच्या आसपास. आणि महाविद्यालयांत खेळणाऱ्या शंभरांपैकीं धंदेवाईक होणारे जेमतेम दोन. १९७३ सालापासून कितीएक वर्षें ही शिष्यवृत्ति एका वर्षाच्याच कराराची असे; गुडघा मोडला अगर प्रशिक्षकाची मर्जी फिरली तर पुढल्या वर्षीं ती मिळेलच याची खात्री नसे. अधिक वर्षांचा करार करण्याची मोकळीक २०१२ सालीं झाली. विद्यापीठें या मुलांच्या खेळावर अफाट पैसा मिळवीत असतांना मुलांना आपल्या नांवावर एक डॉलर घेण्यासही बंदी होती. ती २०२१ सालीं उठली, आणि २०२५ सालच्या तडजोडीनें विद्यापीठांना वर्षाला सुमारें दोन कोटि पांच लाख डॉलरांपर्यंत रक्कम खेळाडूंना थेट देण्याची वाट मोकळी झाली. हा न्याय उशिरां कां होईना झाला, याचा आम्हांस आनंद आहे. मात्र त्यानें आमचा प्रश्न सुटत नाहीं. पोंचलेल्या सातांना पैसे मिळतील; उरलेल्या त्र्याण्णवांनीं ज्या शाळेंत चार वर्षें घालविलीं तिनें त्यांना दुसरें काय दिलें?

मातीच्या सिद्धान्ताचें खरें पाप येथें आहे. "हीं मुलें खेळासाठींच जन्मलीं," असें म्हटलें कीं त्यांना चांगलें गणित शिकविण्याची निकड राहत नाहीं, आणि "हीं मुलें खेळासाठीं जन्मलींच नाहींत," असें म्हटलें कीं त्यांना मैदान देण्याची निकड राहत नाहीं. एका प्रांताची शाळा रिकामी राहते, दुसऱ्याचें मैदान. आणि दोन्हीकडे मुलांचें अर्धें आयुष्य कोणीं तरी त्यांच्या जन्मापूर्वींच वजा करून टाकलेलें असतें. व्यक्तिव्यक्तींत उपजत भेद असतो हें आम्ही नाकारीत नाहीं. एका आईचीं दोन मुलेंही सारखीं धांवत नाहींत. पण तो भेद घराघरांत विखुरलेला असतो. त्याचे ढीग राज्यांच्या सीमा पाहून पडूं लागले कीं समजावें, येथें निसर्गाचा हात थोडा आणि माणसाचा फार आहे.

हें वाचून आमच्या मराठी वाचकांनीं अमेरिकेला हंसण्याचें कारण नाहीं. "कोल्हापूरची मातीच कुस्तीची" हें वाक्य आपण सारे लहानपणापासून म्हणत आलों आहों. कोल्हापूरच्या आखाड्यांतील माती आम्हांसही वंद्य आहे. परंतु त्या मातीला शाहू छत्रपतींचा राजाश्रय होता, पैलवानांना खुराक होता, आणि १९१२ सालीं बांधलेलें खासबागेचें मैदान होतें, हें विसरून कसें चालेल? कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ सालीं हेलसिंकीला जाऊन कांस्यपदक घेऊन आले, आणि स्वतंत्र भारताला वैयक्तिक खेळांतील पहिलें ऑलिंपिक पदक मिळालें. त्यांच्या प्रवासखर्चासाठीं कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनीं आपलें घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. महाविद्यालयानें खेळाडूसाठीं काय करावें याचा याहून मोठा धडा आम्हांस अमेरिकेंतही आढळला नाहीं. आणि त्याच जिल्ह्यांतून तेजस्विनी सावंत, राही सरनोबत असे नेमबाज निघाले. राधानगरी तालुक्यांतील कांबळवाडीचे स्वप्नील कुसळे यांनीं २०२४ सालीं पॅरिसला कांस्यपदक मिळविलें, तें नाशिकच्या शासकीय क्रीडा प्रबोधिनींत बालपणींच शिक्षण लाभल्यावर. कुस्तीच्या मातीनें एका पिढींत बंदूक धरावयास शिकविलें असें मानावयाचें काय?

उलट बाजूही पाहावी. बीड जिल्हा आपल्याकडे ऊंस तोडावयास गांव सोडून जाणाऱ्यांचा म्हणून ओळखला जातो. खेळाडूंचा जिल्हा म्हणून त्याचें नांव कोणीं घेतलें नव्हतें. त्याच जिल्ह्याच्या आष्टी तालुक्यांतील मांडव्याचे अविनाश साबळे २०२२ सालीं राष्ट्रकुल क्रीडास्पर्धांत तीन हजार मीटर अडथळ्यांच्या शर्यतींत रौप्यपदकाचे मानकरी झाले, आणि २०२४ सालीं ऑलिंपिकच्या अंतिम शर्यतींत धांवले. त्यांना कोणत्या महाविद्यालयानें हेरलें? कोणत्याही नाहीं. बारावीनंतर ते सैन्यांत गेले, आणि त्यांचे पाय ओळखले ते सैन्यानें. आतां कोणी म्हणेल, बीडच्या मातींतच धांवण्याचा गुण आहे, उंसाच्या फडांतून पोरें पळतात! असें म्हणणारा निघालाच तर त्याला एवढेंच विचारावें कीं, त्या तालुक्यांत धांवण्याचा आंखलेला मार्ग किती शाळांपाशीं आहे.

तेव्हां अमेरिकेपासून घ्यावयाचें तें कोणतें? शाळा हेंच मुलाच्या खेळाचें घर, ही कल्पना घ्यावी. मिनेसोटाच्या गांवाप्रमाणें सर्वांसाठीं मोकळें सार्वजनिक मैदान घ्यावें. गांवानें आपल्या शाळेच्या संघाभोंवतीं जमावें, हा उत्साहही घ्यावा. सोडावयाची ती तारे वांटणारी पारख, आणि प्रांतांना खाणी समजून त्यांतून मुलें उपसणारी भरती. आपल्या महाविद्यालयांनीं खेळाडू अवश्य घ्यावे. पण घेतलेल्या प्रत्येकाला पदवीपर्यंत शिकविण्याची हमी आधीं द्यावी, आणि जेथून आजवर एकही खेळाडू मिळाला नाहीं त्या तालुक्यांत आपला पारखी आधीं पाठवावा. अमक्या मातींत गुण नाहीं असें म्हणण्याचा अधिकार, ज्यानें तेथें मैदान करून, शिक्षक नेमून, वीस वर्षें वाट पाहिली त्यालाच आहे. आणि तसें करून पाहिलेला मनुष्य तें म्हणत नाहीं, असाच आजवरचा अनुभव आहे.